मामाची नजर आणि मामीचा गाजराचा रस

आमचा मामा शिंपी. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली, मशीन खिडकीला लावलेलं. साठी ओलांडली तसं त्याला धूसर दिसायला लागलं. पण हे कुणाला सांगायची सोय नव्हती. शिंप्याला दिसत नाही म्हटल्यावर कापड कोण देणार? दुकान बंद म्हणजे मामा संपलाच, हे मामीला पक्कं ठाऊक. म्हणून ती सकाळी दार उघडायच्या आधी वीस सुया ओवून ठेवायची. काळा दोरा डावीकडे, पांढरा उजवीकडे. गिऱ्हाईक आलं की मामा ऐटीत सुई उचलायचा.

डॉक्टरकडे चला म्हटलं की तो मशीन जोरात चालवायला लागायचा. "डोळ्यात कात्री घालतात गं. कात्री काय करते ते मला विचार."

मग मामीनंच मनावर घेतलं. गाजरानं नजर सुधारते असं तिनं कुठंतरी ऐकलेलं. रोज ढीगभर गाजरं धुवायची, किसायची, फडक्यात घालून पिळायची. सकाळी एक मोठा पेला, संध्याकाळी एक.

"मी काय ससा आहे का?"

"ससा परवडला. तो गुपचूप खातो तरी."

मामा नाक मुरडत प्यायचा. प्यायला की ऑपरेशनचा विषय निघत नव्हता ना. असं जवळजवळ वर्ष गेलं.

एक दिवस बँकेतले साहेब नवा कोट घालून बघत होते. मामा खांदा नीट करायला पुढं झाला आणि साहेब दचकून मागं सरले. "मामा, हात बघा तुमचे! कावीळ झालीय तुम्हाला." कोट तिथंच काढून ते निघूनच गेले. मामीनं मामाचे हात उजेडात धरले. तळहात पिवळेधमक. तिनं दुकानाचं दार ओढून घेतलं. तशीच त्याला घेऊन दवाखान्यात गेली.

डॉक्टरीणबाईंनी मामाची पापणी ओढून बघितली. "बुबुळाभोवती पांढरंच आहे, कावीळ नाही दिसत. गाजरं किती खाता?"

मामीनं सगळं सांगितलं. बाई हसू आवरत म्हणाल्या, "हा गाजराचाच रंग. कमी केलंत की जाईल. गाजर चांगलंच आहे हो. त्यातून अंगात व्हिटॅमिन ए तयार होतं, ते डोळ्यांना लागतं, कातडीलाही लागतं. पण अर्धा पेला पुरे. आणि चोथा फेकता ना? पोट साफ ठेवणारं त्यातच असतं. त्यापेक्षा अख्खं चावून खा, नाहीतर थोड्या तेलात शिजवा, अंगी जास्त लागेल." मग बॅटरी मारून डोळे बघितले. "यांना मोतीबिंदू आहे. तो रसानं जात नाही. काढावाच लागतो."

मामीचा चेहरा उतरला. "म्हणजे वर्षभर मीच यांना आंधळं ठेवलं?"

बाई काही बोलायच्या आत मामाच बोलला. "गप गं. तू पाजलास, पण प्यायलो मी. रसानं काही होत नाहीये हे मला कळत होतं. टाळायला बरं होतं, म्हणून पीत होतो." मग डॉक्टरीणबाईंकडे वळून, "कधी येऊ?"

आधी एक डोळा झाला, महिन्यानं दुसरा. मशीनवर बसायची परवानगी मिळाली तसा मामानं पहिल्यांदा साहेबांचा कोट उचलला. बघतो तर शिवण नागमोडी.

"अगं, हे मी शिवलं?"

मग त्या वर्षात शिवलेलं सगळं त्यानं घरोघर फिरून परत मागितलं, उसवलं आणि पुन्हा शिवून दिलं. लोक म्हणायचे, राहू द्या मामा, चाललंय. ऐकेल तर शपथ.

राहिला तो फक्त मामीचा एक गाऊन. एक बाही दुसरीपेक्षा दोन बोटं लांब. मामा कात्री घेऊन मागं लागायचा. "दे इकडं. शिंप्याची बायको असली फिरते, लोक काय म्हणतील?"

"हात लावायचा नाही. दिसत नसताना शिवलायत माझ्यासाठी."

हे भांडण आठ वर्षं चाललं. गेल्या आठवड्यात मामा गेला. आम्ही पोचलो तेव्हा मामी तोच गाऊन घालून दारात उभी होती, लांब बाहीनं डोळे पुसत.