डाव्या कोपऱ्याशेजारचा बिरू

बिरू गेल्याचा फोन आला तेव्हा मूस भट्टीत होती. सोनं वितळत असताना गलाईवाल्याला जागचं हलता येत नाही, मग कुणी का गेलेलं असेना. थोरल्या भावानं गावाकडून एवढंच सांगितलं, "सकाळी पोरांचा सराव घेताना मैदानाच्या कडंला खाली बसला, त्यो उठलाच न्हाई." मी "बरं" म्हणालो. मूस उतरवली, सोनं ओतलं, ते गार होईपर्यंत तिथंच उभा राहिलो. कोइम्बतूरहून विट्याला पोचलो तोवर त्याची राखही सावडून झाली होती. याला आता सहा आठवडे झाले, तरी त्या "बरं"चा मला राग येतो.

टीव्हीवर कबड्डी बघणाऱ्यांनी बिरूला पाहिलेलं असणार, नाव मात्र चटकन आठवायचं नाही. व्यावसायिक लीगमध्ये तो सात वर्षं, चार संघांकडून खेळला. विट्याजवळच्या आमच्या गावात आम्ही एका वर्गात होतो. त्याचे वडील दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कृष्णाकाठच्या रानांकडं उतरायचे आणि हाही त्यांच्याबरोबर जायचा. परत येईपर्यंत आमच्या संघातल्या सातही जागा ठरून गेलेल्या असायच्या. मग कुणाचा पाय मुरगळला की बिरू. चढाईला माणूस नाही, बिरू जा. उजवा कोपरा तापानं पडलाय, बिरू ये. असं करता करता त्याला सगळंच यायला लागलं.

हक्काची म्हणावी अशी जागा त्याला एकच मिळाली, ती माझ्या शेजारची. मी डावा कोपरा. पकड करणारे एकमेकांचा हात धरून साखळी करतात, आणि माझ्या तळव्यांना तर बसल्या बसल्या घाम सुटायचा. पहिल्याच सामन्यात माझा हात त्याच्या हातातून निसटला आणि चढाईवाला आमच्या मधून आरामात निघून गेला. आम्ही हरलो. सगळे मला शिव्या घालत होते आणि बिरू माझा तळवा उलटापालटा करून बघत होता. "हात हाय का शेवाळलेला दगड रं संभ्या? उद्यापास्नं मनगाट दे." दुसऱ्या दिवसापासून त्यानं माझं मनगटच धरलं. त्यानंतर आमच्या जोडीतून फार थोडे चढाईवाले सुखरूप परत गेले. हे मी बढाई म्हणून सांगत नाही... आणि बढाई असली तरी ती खोडून काढणारा आता राहिलाय कुठं.

बारावी झाल्यावर जिल्ह्याच्या निवडचाचणीला आम्हा दोघांनाही बोलावणं होतं. त्याच आठवड्यात काकानं मला कोइम्बतूरच्या गलाईच्या दुकानात न्यायचं ठरवलं. आमच्याकडची पोरं अशीच जातात, मीही फार कुरकुर केली नाही. "वर्षभरात येतो," असं बिरूला सांगितलं. चाचणीला तो एकटा गेला.

पुढं काकाचं दुकान माझ्याकडं आलं आणि मी बिरूला तिथल्या टीव्हीवर बघायला लागलो. पहिल्या संघानं त्याला चढाईला घेतलं, दुसऱ्यानं मध्ये पकडीला, तिसऱ्यानं उजव्या कोपऱ्यात. चौथ्यानं बाकावर बसवलं, कुणी जखमी झालं की आत बोलवायचे. समालोचक त्याला अष्टपैलू म्हणायचा. मी फोनवर कौतुकानं ते सांगितलं तर म्हणाला, "अष्टपैलू म्हंजी घरातला त्यो माणूस, ज्याला कुनीबी हाक मारतंय." हसला, पण त्याला ते बोचत होतं. चढाईच्या गुणांच्या यादीत तो खाली, पकडीच्या यादीतही खाली, आणि दोन्ही एकत्र धरणारी यादी कुणी काढत नव्हतं. एका सामन्यात अगदी शेवटी त्यानं चढाईत गुण आणला आणि पुढच्याच खेपेला समोरच्याची मांडी धरून त्याला लोळवला. सामना जिंकला. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो दुसऱ्याचा होता.

मला मात्र त्याला ओळखायला चेहरा लागत नव्हता. सात रंगीत जर्सी रांगेत उभ्या राहिल्या की मी हात बघायचो. बाकीचे पंजात पंजा अडकवायचे, एकटा बिरू शेजाऱ्याचं मनगट धरायचा. "ते माझं मनगट हाय," असं मी दुकानात सगळ्यांना सांगायचो. मालकाला भट्टीचा धूर लागलाय, असं ते समजायचे.

गेल्या दिवाळीत तो मला विट्याच्या स्टँडवर सोडायला आला होता. लीग संपवून तो गावातच कबड्डी शिकवत होता. "या जत्रंला ये," म्हणाला. "यकदा कोपऱ्याला उभा ऱ्हा. मला तुझ्या शेजारी खेळायचंय."

"माझा गुडघा कुठं राहिलाय आता?" मी म्हणालो.

"नुसता उभा ऱ्हा. पळायचं मी बघतो." मग गाडीच्या पाटीकडं बघत म्हणाला, "समद्या जागांवर खेळलो गड्या. पर माझी जागा कंची म्हनशील, तर ती यकच."

मी म्हणालो, "पुढच्या वर्षी नक्की."

"तू वीस वर्सं पुढच्याच वर्षी येतोयास," तो म्हणाला. जत्रा झाली, मी गेलो नाही. ऑर्डर होती म्हणे. ती कुणाची होती, तेसुद्धा आज आठवत नाही. त्यानंतर महिन्याभरात भावाचा तो फोन आला. मला बिरू हवा आहे, आणि वाईट याचं वाटतं की तो असताना त्यालाही मी एवढाच हवा होतो.

बिरूला राखेतही बघायला न मिळालेल्या त्या खेपेत, कोइम्बतूरला परत निघायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मैदानाकडं गेलो. त्याचा संघ सराव करत होता, एक माणूस कमी होता. दूध डेअरीत कामाला असलेला महेश संघाचा कप्तान. तो म्हणाला, "काका, उभं ऱ्हाताय का डाव्या कोपऱ्याला? नुसतं उभं ऱ्हावा." मी चपला काढल्या. शेजारी महेशच उभा राहिला आणि त्यानं माझं मनगट धरलं. मी रांगेत शेवटपर्यंत बघितलं. सगळ्यांनी शेजाऱ्याचं मनगटच धरलं होतं.

"असं का धरता रं?" मी विचारलं.

"ठावं न्हाई. बिरूदादा म्हनायचे, असंच धरायचं."

इतक्या वर्षांच्या भट्टीनं आणि ॲसिडनं माझे तळवे चामड्यासारखे झालेत, घाम कधीच आटला असं मी धरून चाललो होतो. आज तो घाम पुन्हा आला होता... महेशला कारण सांगावंसं वाटलं, पण तेवढ्यात चढाईवाला मध्यरेषा ओलांडून आत आला, आणि महेशनं मनगटावरचा हात घट्ट केला.