धावून आल्यावरचं दूध

महाराष्ट्र नुकताच झाला होता आणि मी चिखलीजवळच्या एका खेड्यात मास्तरीण होते. तालुक्यात शिक्षिकांची पाच मैलांची शर्यत ठरली होती. लेकरू तीन महिन्यांचं, तरी मी रोज पहाटे उंद्रीच्या रस्त्यानं धावायची.

परत आले की सासू दारातच अडवायची. "धावून आलेल्या बाईचं दूध तापते. पहिली धार मातीत पिळ, मंग लेकराले पाज." मी शिकलेली. तिला दाखवून दाखवून, रागानं पिळायची.

एका सकाळी सासू पाण्याला गेली होती आणि लेकरू पाळण्यात रडून लाल झालं होतं. मी घामाघूम तशीच बसले आणि त्याला पाजलं.

चौथ्या दिवशी ते तापानं गेलं. डॉक्टर म्हणाले, गावात साथ आहे, दुधाचा काही संबंध नाही. ते मलाही कळत होतं. तरी त्या सकाळचं मी कुणालाच सांगितलं नाही.

पुढं दोन दिवसांत छाती दगडासारखी झाली. सासूनं मला हाताला धरून अंगणात नेलं, पाठीवर हात ठेवला आणि हळूच म्हणाली, "आता सारंच पिळून टाक, माय."