मिशीवाला गोरा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर माझ्या सगळ्या फजित्या तोंडपाठ आहेत, पाहुणे आले की ती चहाबरोबर वाढते. ही त्यात नाही. कारण ही फजिती नव्हतीच. हा माझा विजय होता!

कसला विजय, तेही ऐका. गुडगावात तेव्हा काचेच्या इमारती उगवत होत्या, तिथल्या नव्या सोसायट्यांना दारात 'फार्म फ्रेश' दूध हवं होतं, आणि दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहणारा मी — गाईला दहा फुटांवरून नमस्कार करणारा माणूस — गुरांच्या जनुकांचा तज्ज्ञ होतो. पूर्वी वळू चांगला की वाईट हे कळायला त्याच्या मुली दुधाला येईपर्यंत वर्षानुवर्षं थांबावं लागे. आम्ही ते रक्तावरून लहानपणीच सांगायला लागलो. जादूच! पानिपतजवळच्या चौधरींच्या गोठ्यातला पांढरा आम्ही निवडला, आणि पुढे त्याच्या मुलींनी बादल्या भरल्या. मला बढती मिळाली. परिषदांमध्ये मी त्या वळूचा फोटो जावयासारखा दाखवत फिरलो. चौधरी अजून दर दिवाळीला तूप पाठवतात. मी खातो.

आता — कसं सांगू?

निवडीला दोघं होते. एक पांढरा, अंगानं भरलेला खोंड. दुसरा त्याच्याहून लहान, तपकिरी — गोऱ्हा. रक्ताच्या नळीवर कानातल्या बिल्ल्याचा नंबर लिहायचा, हा नियम. पण नंबर वाचायचा म्हणजे शिंगांपाशी जायचं. कोण जाणार? मी लांब उभा राहून ऐटीत मराठीत लिहिलं: एकीवर 'खोंड', दुसरीवर 'गोऱ्हा'. आणि विसरलो. काही महिन्यांनी निकाल आला, 'पांढरा अव्वल'. मी सही ठोकली.

चौधरींनी मांडव घातला, ढोल आणले, पांढऱ्याच्या गळ्यात झेंडूचा हार. माझ्या लॅबमधले मिश्राजी लाडू खाता खाता सहज म्हणाले, "सर, ये खोंड क्या होता है? गोरा तो मैं समझ गया, सफ़ेदवाला. बीच में वो टेढ़ा-सा कुछ था — सोचा, मराठी में गोरे को मूँछ भी लगाते होंगे!"

मी हातातला लाडू खाली ठेवला. गोऱ्हा — गोरा! मग अव्वल कोण होता?

तो मांडवामागे बांधलेला होता. त्याला न्यायला व्यापाऱ्याचा टेम्पो आला होता.

"कुछ नहीं यार, ऐसे ही लिख दिया था," मी मिश्राजींना म्हणालो. तेवढ्यात माझं नाव पुकारलं. शाल घेतली, भाषण केलं — आणि काय भाषण झालं म्हणता! विज्ञान, गोमाता, नवा भारत, सगळं एका दमात.

खाली उतरलो तर चौधरी वाट बघत होते. गोऱ्ह्याची आई त्यांच्या वडिलांनी हातानं वाढवलेली, त्या गाईचं हे शेवटचं वासरू. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "डॉक्टरसाब, इसे रख लूँ क्या? दिल नहीं मान रहा."

याहून सोपी वेळ कुणाला मिळते? एक शब्द पुरला असता.

"चौधरीसाब," मी म्हणालो, "मशीन झूठ नहीं बोलती."

ते तरी खरं होतं.

पांढऱ्याच्या मुलींनी दूध दिलं, कारण चौधरींनी माझ्या शब्दाखातर त्यांना राजकन्यांसारखं ठेवलं — उत्तम चारा, उन्हाळ्यात पंखे. श्रेय जनुकांना गेलं, म्हणजे मला. गोऱ्ह्याच्या मुली किती देत्या? कुणास ठाऊक. दिल्लीत वाढलेल्या माझ्या मुलीनं मराठी शब्द विसरू नये म्हणून मी तिच्या मागे लागतो. 'गोऱ्हा' मात्र तिला कधी शिकवला नाही.

आणि अजून एक — हेच खरं सांगायचं होतं. तो टेम्पोत चढेना. पाय रोवून उभा. माणसं ओरडत होती, चौधरी तोंड फिरवून उभे होते. जन्मात कधी गुराला हात न लावलेला मी, अंगावर नवी शाल, पुढे झालो. त्याच्या पाठीवर दोन्ही हात टेकले. ऊन ऊन अंग होतं.

ढकललं. तो चढला. मांडवातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मी लवून त्या घेतल्या.