कॅसलरॉकला आणलेला समुद्र

आमच्या रेल्वे क्वार्टरच्या बाहेरच्या खोलीत समुद्र होता, असं सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग माझ्याकडे जरा जपून बघतात. बघू देत. बेळगावच्या रंगीत माशांच्या दुकानातून आणलेली काचेची पेटी होती ती, वर ट्यूबलाइट, बाजूला सारखा गुरगुरणारा हवेचा पंप. आत मासा एकही नव्हता. आत दगड होते, आणि त्या दगडांवर जिवंत प्रवाळ. उजेड पडला की ते बोटं बाहेर काढायचे, हिरवट, तपकिरी, एक तर जांभळटसुद्धा. प्रवाळ हा शब्द माझा. बायको त्यांना तिच्या कोंकणीत ‘दर्याचीं फुलां’ म्हणायची.

बायको वास्कोची, अगदी वाळूवरच्या घरातली. मी कॅसलरॉकला पॉइंट्समन, गाड्यांसाठी रुळांचे सांधे बदलणारा. सोयरीक जमली तेव्हा आमच्या घरच्यांनी तिला सांगितलं, गाडी दारातून जाते, कधीही माहेरी जा. खोटं नव्हतं ते. पण आमच्याकडे पाऊस चार महिने घर सोडत नाही, भिंतींना शेवाळ येतं, आणि पाऊस संपला की धुकं. सगळीकडे झाडं. नजर लांब कुठे जातच नाही. ती पायरीवर बसून म्हणायची, “हांगा मळब सुद्धां ल्हान.” इथं आभाळसुद्धा लहान! मला राग यायचा. माझं गाव आहे ते. पण दोनदा दिवस राहून पोट रिकामं झालं आणि मग ती तेही बोलेनाशी झाली, तेव्हा माझा राग कुठल्या कुठे पळाला आणि नुसती भीती उरली.

टाकीची कल्पना तिच्या भावाची. तो जाळ्याला अडकून आलेले प्रवाळाचे तुकडे समुद्राच्या पाण्यात जगवून ठेवायचा आणि गार्डाच्या हाती पाठवायचा. वास्कोच्या एका हॉटेलात अशीच टाकी सांभाळणारा एक माणूस होता, त्याच्याकडे मी चार रविवार जाऊन बसलो. त्यानं शिकवलं. ह्यांना उजेड पाहिजे आणि हलतं पाणी पाहिजे. आठवड्याला थोडं पाणी काढून ताजं समुद्राचं घालायचं. आटलं तर मात्र झऱ्याचं गोडं घालायचं, कारण मीठ काही आटत नाही. धातू लावायचा नाही, तांबं तर अजिबात नाही, तांब्यानं असले जीव मरतात. मी हे सगळं घरी येऊन बायकोला सांगितलं. पाणी गाडीनं प्लास्टिकच्या कॅनमधूनच यायचं, तेव्हा तांब्याचा विषय घरात पुन्हा निघायचं कारणच नव्हतं.

आईला ही थेरं वाटायची. “माणसं जगंनात, आणि दगडं जगिवत्यात,” असं ती मला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणायची. सासू-सुनेचं भांडण नव्हतं, बोलणंच नव्हतं. मग हॉटेलवाल्यानं एकदा सांगितलं, प्रवाळांना हाड धरायला चुना लागतो, चुना पाण्यात कालवून ठेवा आणि वर येणारं नितळ पाणी थेंब थेंब सोडा. मी घरी येऊन हे सांगतोय तर आई पानाचा डबा बाजूला ठेवून म्हणाली, “म्हंजे चुन्याची निवळी की रे! तुला बी पाजलिया मी. दात येत नव्हतं तुझं.” त्या दिवसापासून निवळीचं खातं आईकडे गेलं. ती बरणीत चुना निवळत ठेवायची, सकाळी वरचं पाणी न ढवळता गाळून सुनेच्या हातात द्यायची आणि सून ते टाकीत सोडायची. दोघी शेजारी उभ्या राहून बघायच्या. “वाढलंय काय गं?” “वाडलां मांय.” एवढंच संभाषण, पण घरात ते पहिलंच होतं. बायको पुन्हा जेवू लागली. एकदा गुणगुणताना ऐकलं मी तिला.

आणि मग लाइन बंद झाली. छोटे रूळ काढून मोठे टाकायचं काम निघालं. आमच्या गावाचा श्वास त्या गाडीवर, रेशन तिनं, आजारी तिनं, पाहुणा तिनं. ती थांबली तसं गाव मुकं झालं. मला कामाला तिनईघाटाकडे जुंपलं, रजा मागायची सोय नाही. रामनगरहून अनमोड घाटानं गोव्याला बस होती, नाही कशाला म्हणू. मेव्हण्यानं एकदा त्या बसच्या टपावरून कॅन पाठवला, तो घाटात फुटून कुणाच्या तरी तांदळाच्या पोत्यावर सांडला आणि ड्रायव्हरनं पुढच्या वेळी कॅनला हात लावू दिला नाही. बरोबर आहे त्याचं. खारा भात कोण खाणार?

मी स्वतःला हुशार समजत होतो. मीठ समुद्रातूनच येतं ना, मग ते पाण्यात घातलं की समुद्रच! बाजारातून मिठागराचं जाडं मीठ आणलं, झऱ्याच्या पाण्यात विरघळवलं, चव घेऊन बघितली, अगदी तंतोतंत. टाकीत ओतलं. प्रवाळांनी बोटं आत घेतली ती घेतलीच. खारट असणं आणि समुद्र असणं ह्यात अंतर आहे, हे त्यांना कळत होतं, मला नाही. त्यात वीज जायची आणि पंप बंद पडायचा. बायको प्लास्टिकच्या मगानं पाणी उचलून वरून ओतत बसायची, हात भरून येईपर्यंत. मी तिच्या हातातला मग घ्यायला गेलो तर देत नसे.

जांभळट तुकडा पांढरा पडला त्या दिवशी तिनं ताट बाजूला सारलं. दुसऱ्या दिवशीही. गाल बसले, डोळे मोठे दिसायला लागले. मी चिडलो, विनवण्या केल्या, डॉक्टरकडे नेतो म्हणालो. ती टाकीकडे बघत म्हणाली, “हीं उरलीं जाल्यार हांव उरतां.” ही राहिली तर मी राहीन. मी पुरुष माणूस, तरणाताठा, आणि माझ्या बायकोचा जीव चार दगडांवर टांगलेला. मला काही म्हणजे काही करता येत नव्हतं. कामावर रुळाचे बोल्ट काढताना मला रडू यायचं आणि मुकादम विचारायचा, डोळ्यात काय गेलं?

अशात आई म्हणाली, नंदिगड्ड्याला भावाकडे जाऊन येते. मला संताप आला. घरात ही अवस्था आणि हिला माहेर सुचतंय! जा म्हणालो, तोंड फिरवून.

ती आली तेव्हा मी कामावर होतो. संध्याकाळी घरी परतलो तर दाराशी घागर पालथी घातलेली. आमची तांब्याची घागर, सणाला काढायची. चिंच लावून अशी लखलखीत घासलेली की तिच्यात माझा चेहरा दिसला. आई उंबऱ्यात बसलेली, पायांना सूज, पातळ गुडघ्यापर्यंत खारानं कडक झालेलं, आणि तोंडावर असा आनंद की मी तिला ओळखलंच नाही क्षणभर.

“भावासंगं कारवारला गेलते,” ती म्हणाली. “दर्या बघितला लेका. केवढा ह्यो! भावानं भरून दिली घागर. केळीचं पान बांधलं, मांडीवर घिऊन आले घाटभर. कंडक्टर म्हणतोय, अज्जी, काय हाय आत? म्हटलं देवाचं पाणी हाय. थेंब सांडू दिला न्हाई.”

“प्लास्टिकचा कॅन होता की घरात,” मी कसाबसा म्हणालो.

“त्यो? घासलेटाचा वास मारतोय त्यो. असल्या लेकरांना त्यातलं पाणी घालतंय व्हय कोण? चांगली चिंचंनं घासून घेतली घागर.”

माझ्या तोंडून काय बाहेर पडणार होतं देव जाणे. घसा फाडून ओरडायला मी तोंड उघडलंच होतं. आतून बायको आली. आईनं घागर टाकीत ओतून झाल्यावरच तिनं बघितलं होतं, आणि तांब्याचं तिला सगळं माहीत होतं. तिनं माझ्या दंडाला धरलं, नखं रुतेपर्यंत, आणि आईला म्हणाली, “बरें केलें मांय. खूब बरें केलें.” मग खाली बसून ती आईचे सुजलेले पाय चोळायला लागली.

मी पाणी उपसलं, पण आता आत घालायला होतं काय? माझं ते मिठाचंच. प्रवाळ बुळबुळीत झाले, मग त्यांच्यावरचं मांस साय निघावी तसं सुटून आलं आणि आतलं हाड उघडं पडलं. घरभर कुजका वास. आई रोज विचारायची, “कशानं गं?” बायको सांगायची, थंडीनं. आई निवळी गाळून आणायची आणि बायको ती टाकीत सोडायची, मेलेल्यांवर. हे मी बघितलंय. शेवटचा हिरवट तुकडा गेला तेव्हा आईनं पदर खोचला. “पाणी कमी पडलं. एका घागरीत काय हुतंय? परत जाते मी.”

“हांव येतां मांय तुजेबरोबर,” बायको म्हणाली. “म्हज्या गांवांत वचूंया.” माझ्या गावाला जाऊ.

मला कुणी विचारलं नाही. बायकोत बस सोसण्याइतकी ताकद नव्हती, पण ती उभी राहिली. कामाच्या ट्रकवाल्याला सांगून मी दोघींना रामनगरला सोडलं. आईच्या कडेवर घागर. अनमोडची बस निघाली, बायकोनं खिडकीतून बघितलं नाही.

मी वाट बघितली. टाकी धुतली, दगड उन्हात मांडले, पुन्हा आत ठेवले. मेव्हण्याला सांगून नवे तुकडे मागवावेत असं डोक्यात घोळवत होतो. आई परत आली ती एकटी. घागर रिकामी.

मी विचारण्याआधीच ती बोलली. “भरायला वाकले, तर तिनं हात धरला. म्हणाली, मांय, ह्यात नको. तवा कळलं मला, कशानं मेली ती दर्याची फुलं. मी वाळूत बसून रडले. ती बी रडली रे, पण माझ्यापायी. एवढं दिवस पोटात ठेवलं तिनं, मला कळू नये म्हणून. मग सांजचं तिच्या आईनं मासळीचं कालवण केलं. जेवली. परत भात मागून जेवली, लेका. मी बघत हुते.”

“आणि?”

“आणि काय? किती दीस पाणी वाहून आणायचं तिच्यासाठी? तिथंच ऱ्हा म्हटलं.”

मी विचारलं, “परत कधी येते म्हणाली?”

आईनं घागर कोपऱ्यात ठेवली.

“इचारलं न्हाई मी.”