झडती, माती आणि एक टँकर

आमच्या निसर्गोपचार केंद्रात औषधाची एक बाटली नव्हती, पण किस्से मात्र रोज येऊन पडायचे. लातूर जिल्हा नवानवा झाला होता, पाऊस रुसून बसला होता, आणि निलंग्याजवळच्या माळावर आमचे कांबळे डॉक्टर लोकांना टबात बसवून बरं करत होते! मी तिथला मॅनेजर. म्हणजे रजिस्टर लिहायचं आणि पेशंटच्या बायकांची बोलणी खायची.

* * *

डॉक्टरांचा सगळा राग पाकिटातल्या खाण्यावर. सकाळी प्रार्थनेऐवजी ते बिस्किटाच्या पुड्यावरची बारीक अक्षरं मोठ्यानं वाचायचे. कृत्रिम रंग, कृत्रिम वास, टिकवायचं रसायन. एकदा नायगावच्या एका म्हाताऱ्यानं डोळे मिटून सगळं ऐकलं, शेवटी हात जोडले आणि हळूच मला विचारलं, "प्रसादाला तोच पुडा हाय का?"

* * *

लग्नात तर त्यांना न्यायची सोय नव्हती. पानात बुंदी पडली की ते पांढरा रुमाल तिच्यावर दाबायचे आणि उठलेला पिवळा डाग पंगतभर दाखवत फिरायचे. एका नवरदेवाच्या बापानं तो रुमाल शांतपणे निरखला. म्हणाला, "डॉक्टर, रंग पक्का हाय. पाव्हण्यांचे फेटे रंगवायचे राहिलेत, तेवढे घ्या उरकून."

* * *

पथ्य मोडू नये म्हणून दारातच पिशवीची झडती व्हायची. ते काम सुभद्राबाईंचं. आमच्या सगळ्यात जुन्या परिचारिका, त्यांच्या नजरेतून शेवेचा कणही सुटत नसे. एका मास्तरांनी तरीही बिस्किटं आत नेली आणि पोटावरच्या मातीच्या पट्टीखाली लपवली. बाईंनी पट्टी उचलली तेव्हा बिस्किटांचा लगदा झाला होता. मास्तर शांतपणे म्हणाले, "विष बाहेर पडायलंय, बाई."

* * *

मग विहिरीचा तळ दिसायला लागला. टँकर मिळाला नाही तर केंद्राला कुलूप, हे ठरलेलंच होतं. डॉक्टरांनी नोकरी सोडून हे सगळं उभं केलेलं. त्यांच्याकडे बघून मला रडू यायचं.

नव्या जिल्हा ऑफिसात अर्ज दिला. साहेब पाहणीला येणार असं कळलं. जिल्हाच नवा, साहेबांचं तोंड कुणी पाहिलेलं नव्हतं. डॉक्टर आणि मी हार घेऊन सकाळपासून फाट्यावर उभे. कुणी आलं नाही. दुपारी तोंडं पाडून परतलो.

सुभद्राबाई म्हणाल्या, "नवा पेशंट आलाय. लई बोलत होता, आता गप हाय." जप्त केलेली त्याची पिशवी त्यांनी माझ्या हातात दिली. आत नारिंगी सरबताची पावडर, फरसाण आणि आमचाच टँकरचा अर्ज!

जीप बंद पडली म्हणून साहेब आडवाटेनं पायी आले होते. बाईंनी त्यांना पंचा नेसवून, डोळ्यांवर आणि पोटावर माती थापून आडवं केलं होतं. डॉक्टर धावत त्यांच्यापाशी गेले. ते माफी मागू लागले, तसा साहेबांनी एका डोळ्यावरची माती सरकवली, अर्ज मागितला आणि पडल्यापडल्या सही ठोकली.

"दुष्काळ लागल्यापासून आज पहिल्यांदा तीन तास कुणी मला टँकर मागितला नाही," ते म्हणाले. "संध्याकाळपर्यंत मी इथं आहे हे कुणाला सांगू नका. मग जातो."

"संध्याकाळी कसं जाता?" सुभद्राबाई दारातून म्हणाल्या. "संध्याकाळी एनिमा हाय."