नीलिमाची पांढरी क्रीम

मी आक्काताई, कुंडलची. तोंडानं फटकळ हाय, ते अख्ख्या गावाला ठावं हाय. पण आज माझं न्हाई, माझ्या सुनेचं सांगायचंय. नीलिमाचं.

माझा पोरगा मिलिटरीत. सून केमिस्ट्री शिकलेली. लग्न होऊन आली तवा उसाचं पाचट ओढून बायकांचे हात कसे फाटत्यात ते तिनं बघितलं, आणि मागच्या खोलीत क्रीम करायला लागली. उगंच न्हाई, रीतसर लायसन काढून, सांगलीत माल तपासून. तेल आणि पाणी काय एका भांड्यात नांदत न्हाई. त्यांना एकत्र धरून ठिवायला ती एक मेण घालती. दुकानातल्या लय क्रीममधी असलं कायतरी असतंयच, म्हणती. दोन्ही वेगवेगळं गरम करायचं, मेण तेलात इरघळवायचं, मग एकात एक ओतून घोटत बसायचं. बघता बघता पांढरंशुभ्र होतंय.

पण बाई लय काटेकोर! नवं गिऱ्हाईक आलं की डबी देतच न्हाई. कोपराच्या आतल्या बाजूला थोडी क्रीम लावायची आणि म्हणायची, "उद्या या. हात बघू, मग डबी." मी कपाळाला हात लावायची. दारात आलेलं गिऱ्हाईक कोण माघारी लावतं व्हय?

गावातल्या राहीबाईलाबी तशीच लावली. दुसऱ्या दिवशी तिथं लाल चट्टा उठला, खाज सुटली. नीलिमानं डबी दिली न्हाई. "मावशी, तुमी हे लावू नका," म्हणली, आणि तिला सांगलीला कातडीच्या डॉक्टरकडं स्वतः घिऊन गेली.

राहीबाईचा नवरा कोंडीबा. आमच्या भागातला जुना गुळव्या. काहिलीतल्या रसाकडं नुसतं बघून गूळ कवा उतरायचा ते सांगणार, त्यामुळं त्याच्या शब्दाला लय मान. त्याचा एकच हिशोब: चांगला गूळ तांबूस, आणि पांढराफेक दिसला की त्यात रंग उडवायची पावडर मारलेली. त्यानं बायकोच्या हातावरचा चट्टा बघितला, शेजारणीच्या डबीतली पांढरी क्रीम बघितली, आणि भर बाजारात म्हणाला, "एवढी पांढरी हाय म्हणजी पावडर मारलीया. हात जळतील बायांनो!"

झालं! बायका डब्या परत घिऊन दारात. आष्ट्याच्या दुकानदाराचा फोन आला, माल धाडू नका. नीलिमानं भांडी धुऊन पालथी घातली आणि म्हणली, "आत्ती, लोकांचा इस्वास गेला तर हे बंदच करायचं." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कोंडीबाच्या दारात जाऊन त्याच्या सात पिढ्या उद्धरायला निघालेच होते. तिनं हाताला धरून बसवलं.

फुडच्या बाजाराला तिनं शेगडी, भांडी, सगळं सामान बाजारातच मांडलं आणि कोंडीबाला हाक मारली. "आबा, तुमी घोटा. पावडर कुठं दिसली तर तिथंच मला थांबवा."

बाजार गोळा झाला. आधी तिनं बिनमेणाचं घोटायला दिलं. हात थांबला की तेल वर, पाणी खाली. मग मेण घालून दिलं. कोंडीबा घोटतोय, घोटतोय, आणि त्याच्याच हाताखाली सगळं पांढरं होत गेलं.

"आरं तिच्या मारी!" म्हातारा बघतच राहिला. माणसं हसली. मी म्हणलं, "बोला आता भावजी, का दातखीळ बसली?"

पण गडी कच्चा न्हवता. म्हणाला, "पावडर न्हाई, मान्य. मग माझ्या बायकोच्या हाताला काय झालं?"

मी नीलिमाच्या कानात म्हणलं, "उन्हानं झालं म्हण आणि सुट!" तिनं माझ्याकडं बघितलंबी न्हाई.

"ह्या मेणानंच झालं, आबा," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणली. "डॉक्टरनी तपासून कालच सांगितलं. किती घालायचं ते ठरलेलं असतं, तेवढंच मी घालते. बहुतेकांना काही होत नाही. पण एखाद्याला नाही सोसत. म्हणून आधी कोपराला लावते. खाज आली तर माझी क्रीम घेऊ नका."

मी तिला चिमटा काढला. गप बस की गं! आपल्याच मालाची खोड कोण भर बाजारात सांगतं? बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. मला वाटलं, घालवलं पोरीनं हातचं सगळं.

कोंडीबानं उलथनं खाली ठिवलं. "पोरी," म्हणाला, "मी जल्मभर गूळ इकला. माझा गूळ कवा बिघडला न्हाई, असं न्हाई. पण बाजारात येऊन सांगायची छाती मला झाली न्हाई." मग त्यानं बायकांकडं तोंड केलं. "मी बोललो ते चुकलं. घ्या हिच्याकडनं. पण ती सांगती तसं, आधी कोपराला लावून." आणि स्वतःचीच बाही वर करून हात तिच्याफुडं धरला.

त्याच्यामागं बायकांची रांग लागली. रांगेतली एक परगावची बाई म्हणली, "कुणाची गं ही पोरगी?"

नीलिमानं तोंड उघडायच्या आत मी असली वरडले, की पार बाजाराच्या त्या टोकाला ऐकू गेलं असंल.

"माझी! माझी सून हाय ती!"