न मोजलेले चेंडू

वृंदाताई गेल्याचं मला डब्लिनच्या ऑफिसात कळलं. मीटिंग चालू होती, फोन टेबलावर उलटा ठेवला होता. बाहेर आल्यावर त्यांच्या नवऱ्याचे, श्रीधरदादांचे, तीन मिस्ड कॉल दिसले आणि खाली एक मेसेज, "वृंदा गेली. सकाळी. त्रास झाला नाही. सावकाश ये." मी जिन्यात जाऊन उभी राहिले. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. जागेवर परतले तोवर मॅनेजरच्या कानावर बातमी गेली होती. मरणाच्या वेळी कसं वागावं हे आयरिश माणसांना फार चांगलं कळतं. त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला. अर्ध्या तासाने त्याचा ईमेल आला. आमच्या वेबसाइटवर वृंदाताईंना श्रद्धांजली द्यायची आहे, तू त्यांना सगळ्यांत जवळची, तर तीन ओळी लिहून दे. जमल्यास आजच.

त्याला आता पाच आठवडे झाले. त्या तीन ओळींचं काय झालं ते सांगायचं तर आधी वृंदाताई कोण होत्या ते सांगायला हवं.

पुण्यात त्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायच्या. नवऱ्याला डब्लिनमध्ये नोकरी लागली, मुलगी लहान होती, म्हणून वीस वर्षांची नोकरी सोडून त्या तिथल्या ॲडम्सटाउन या उपनगरात आल्या. पहिली दोन वर्षं घरीच होत्या. "माझ्या व्हिसावर माझं नाव होतं, पण ओळख श्रीधरची होती," असं त्या हसत म्हणायच्या, पण हसू तोंडापुरतंच असायचं. मग आमच्या कंपनीत आकडे तपासायला माणूस हवा होता, इथल्या मराठी मंडळींतल्या ओळखीवर मी त्यांचं नाव सुचवलं. आमची कंपनी अमेरिकेतल्या बेसबॉलच्या वेबसाइटना आकडेवारी आणि विश्लेषण पुरवते. मी त्या टीमची प्रमुख, नागपूरची, त्यांच्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. ऑफिसात मी त्यांची साहेब आणि घरी त्या माझ्या ताई, हे दोन्ही आम्ही इतकी वर्षं बरं निभावलं. निदान मला तसं वाटायचं.

बेसबॉल त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. आल्या आल्या त्यांनी विचारलं, "इथे कुठे खेळतात का?" डब्लिनमध्ये हौशी लोकांची एक टीम आहे, रविवारी एका पार्कात जमते. वृंदाताई घडीची खुर्ची आणि चहाचा थर्मास घेऊन तिथे जाऊन बसू लागल्या. मी म्हटलं, अहो, स्क्रीनवर सगळे आकडे येतात की. त्या म्हणाल्या, "आकडा कुठून येतो ते बघायला नको? नाहीतर मी काय तपासणार, बेरीज?" पिचर म्हणजे चेंडू फेकणारा, आपल्या गोलंदाजासारखा, पण हात कोपरातून झटकून फेकणारा. दोन-तीन रविवारांतच त्यांच्या लक्षात आलं की सामन्यात मोजले जातात त्याहून कितीतरी जास्त चेंडू हा माणूस फेकतो. सामन्याआधी हात गरम करायला, मधल्या वेळेत, शिवाय आठवडाभर सरावात. "अगं, खांद्याला थोडंच कळतं हा चेंडू मोजलाय की नाही ते!" सोमवारी येऊन त्यांनी मला सांगितलं. तेव्हा मला त्याचं फार कौतुक वाटलं होतं.

मग तो रिपोर्ट आला. आपल्याकडे वेगवान गोलंदाजांच्या 'वर्कलोड'बद्दल पेपरात रोज छापून येतं, तसंच तिकडे पिचरच्या हाताबद्दल. ग्राहकाला एक आकडा हवा होता. सामन्यात इतक्या चेंडूंच्या आत थांबलात तर हात सुरक्षित, असा ठोक, लक्षात राहणारा. आमच्या टीममधल्या एकाने तो काढलाही. वृंदाताईंनी तपासायला घेतला आणि चौथ्या दिवशी माझ्यासमोर येऊन बसल्या. मोसमाच्या मध्येच ज्यांनी खेळणं सोडलं होतं त्यांच्या नोंदी 'अपूर्ण' म्हणून काढून टाकल्या होत्या. "मीनल, मध्येच कोण सोडतं? ज्याचा हात जातो तो. ज्यांचे हात गेले त्यांनाच यादीतून काढलंय, आणि उरलेल्यांचे हात शाबूत आहेत म्हणून आपण टाळ्या वाजवतोय. वर्गात उभं राहून विचारायचं, आज कोण कोण गैरहजर आहे, हात वर करा... तसं झालं हे!"

रिपोर्ट नव्याने करायला वेळ नव्हता. मग त्यांनी पहिल्या पानावर एक वाक्य घातलं : ही मर्यादा फक्त सामन्यातल्या चेंडूंची आहे, मोसम पूर्ण करणाऱ्यांवरूनच काढलेली आहे, आणि एखाद्याचा हात सुरक्षित आहे असं हिच्यावरून म्हणता येणार नाही. एवढंच. शेवटची प्रत ग्राहकाकडे जायच्या दिवशी मॅनेजर मला म्हणाला, या वाक्याने सगळी हवाच जाते, बघ काहीतरी. मी बघितलं. वाक्य सिलेक्ट केलं आणि बटण दाबलं. दोन सेकंदांचं काम.

रिपोर्ट खूप गाजला. आकडा सगळीकडे पसरला, फोनवरच्या ॲपमध्ये गेला. वृंदाताईंनी छापलेली प्रत पाहिली, माझ्याकडे आल्या आणि फक्त "वाक्य राहिलं वाटतं," एवढंच म्हणाल्या. मी म्हटलं, वरून निर्णय झाला. त्यांनी मान हलवली.

रविवारच्या त्या टीममध्ये डेक्लन नावाचा पिचर होता. इलेक्ट्रिशियन, चाळिशीचा, उंचापुरा. वृंदाताईंना तो 'प्रोफेसर' म्हणायचा आणि त्यांच्या थर्मासमधला आल्याचा चहा हक्काने प्यायचा. त्याच्या फोनवर ते ॲप होतं. पुढच्या उन्हाळ्यात त्याचं कोपर दुखू लागलं तेव्हा वृंदाताईंनी त्याला थांबायला सांगितलं, तर त्याने फोन पुढे केला. "आय'म ग्रँड, प्रोफेसर. लूक, इट्स ग्रीन." म्हणजे मी ठणठणीत आहे; चेंडू मर्यादेच्या आत असले की ॲपवर हिरवा रंग दिसायचा. तीन आठवड्यांनी एका सामन्यात चेंडू फेकताना त्याच्या कोपरात काहीतरी तुटल्याचा आवाज त्याला स्वतःला ऐकू आला. ऑपरेशन झालं. सहा महिने त्याला ड्रिल मशीन उचलता आलं नाही, म्हणजे कामच करता आलं नाही. वृंदाताई त्याला भेटून आल्या, आणि मी अपराधी चेहऱ्याने म्हटलं, "आपल्या आकड्यामुळे झालं ना हे?" त्यावर त्या माझ्यावर चक्क चिडल्या. "त्यामुळेच झालं असं मी म्हणणार नाही. मला माहीत नाही. तुलाही माहीत नाही. तेवढंच तर त्या वाक्यात लिहिलं होतं, की आपल्याला माहीत नाही!"

त्यानंतर त्या बदलल्या, की ऑफिस बदललं... दोन्ही असेल. पूर्वी एक रिपोर्ट तपासायला आठवडे मिळायचे, मग दिवस, मग तास. शेवटी लिखाण सॉफ्टवेअरच करू लागलं आणि माणसांनी फक्त 'मंजूर' दाबायचं ठरलं. वृंदाताई दाबायच्या नाहीत. प्रत्येक विधानाखाली त्यांचा प्रश्न असायचा, हे कशावरून? कुणी उत्तर देत नसे. त्यांचे प्रश्न साचत गेले, आणि आम्ही बाकीचे मंजूर, मंजूर करत पुढे गेलो. वर्षभरात त्यांची जागाच रद्द झाली. ते त्यांना सांगायचं काम माझ्याकडे आलं, आणि मी ते केलं. मीटिंग रूममध्ये कागदावरचं इंग्रजी वाचून दाखवलं, मराठीत बोलायची हिंमत झाली नाही. त्या म्हणाल्या, "बरं." मग म्हणाल्या, "तू पाणी पी आधी."

आजार नंतर कळला, स्वादुपिंडाचा कॅन्सर, फार पुढे गेलेला. त्याचा आणि या सगळ्याचा काही संबंध नाही. संबंध आहे असं मी म्हटलं असतं तर त्यांनीच विचारलं असतं, कशावरून?

शेवटची भेट त्यांच्या घरी झाली. पलंग खाली हॉलमध्ये आणला होता. त्या उशीला टेकून बसल्या होत्या, आवाज खोल गेला होता. इकडचं तिकडचं बोलून झालं. मग एकदम म्हणाल्या, "मीनल, ते वाक्य तू काढलंस, की त्यांनी?"

मी म्हटलं, "त्यांनी."

"हं," त्या म्हणाल्या आणि डोळे मिटले. मला वाटलं, झोपल्या.

श्रद्धांजलीच्या तीन ओळी मी मनापासून लिहिल्या होत्या. माहीत नसलेली गोष्ट माहीत आहे असं म्हणायला वृंदाताई कधी तयार झाल्या नाहीत, असं लिहिलं होतं. वेबसाइटवर फोटो आला, फुलं आली, आणि खाली छापून आलं की पिचरच्या सुरक्षिततेची आमची सुप्रसिद्ध मर्यादा ही त्यांनी खेळाला दिलेली देणगी आहे, त्यांच्या कामामुळे असंख्य हात वाचले. माझी एकही ओळ नव्हती. श्रीधरदादांचा फोन आला. हा माणूस कधी आवाज चढवत नाही. "मीनल, तिच्या नावावर हे कसं घातलं गं? दुसरं काहीही घालायचं होतं..."

मी दुरुस्ती मागितली. लेखी मागितली, दोनदा. दुसऱ्या दिवशी श्रद्धांजलीचं पानच काढून टाकलं होतं. फोटो गेला, नाव गेलं. रिपोर्ट मात्र आहे तिथेच आहे, आकडाही आहे. मॅनेजर म्हणाला, घरच्यांना वाईट वाटत होतं ना, म्हणून काढलं.

हे सांगायला मी श्रीधरदादांकडे गेले. आणि तिथे, बसल्या बसल्या, ते वाक्य मी काढलं होतं हेही सांगून टाकलं. ते म्हणाले, "तिला माहीत होतं. फाइलमध्ये कोणी काय खोडलं ते दिसतं म्हणे. तिने त्याच आठवड्यात पाहिलं होतं." मी म्हटलं, मग शेवटी मला का विचारलं त्यांनी? दादा म्हणाले, "मला काय माहीत. तू सांगशील असं वाटलं असेल."

हे मी मराठीत लिहिते आहे. ऑफिसातलं कुणी वाचणार नाही आणि माझी नोकरी राहील, हेही मी धरून चालले आहे. वृंदाताईंनी हेसुद्धा ओळखलं असतं. पण कुठेतरी छापलेलं असावं म्हणून लिहिते : तो आकडा त्यांचा नव्हता. त्यांचं फक्त एक वाक्य होतं, आणि ते मी खोडलं.

त्या दिवशी दादा चहा करायला उठले. साखर सापडेना म्हणून मी स्वयंपाकघरातला प्रेस उघडला, इथे कपाटाला प्रेसच म्हणतात. आत डब्यांच्या रांगा होत्या, प्रत्येकावर ताईंच्या अक्षरात चिठ्ठी. रवा, भाजलेला. पोहे, जाड. आणि मागच्या रांगेत एका डब्यावर लिहिलं होतं, "बहुतेक गोडा मसाला. खात्री नाही. वास घेऊन बघा." मी तो हातात घेऊन झाकणाला हात घातला तेव्हा दादा मागून म्हणाले, "राहू दे. अजून उघडला नाही मी."

मी डबा होता तिथे ठेवला, चिठ्ठी पुढे येईल असा.